ठोकळे समोर असले की उत्तर येतं, वहीत येत नाही: घरी गणित घेणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी सात वर्षांची, गणित घरीच घेताय, ठोकळ्यांचा मोठा सेट आणलाय, ठोकळे समोर असले की ८ + ५ चं उत्तर १३ बरोब्बर सांगते पण तेच वहीत लिहून दिलं की गप्प बसते नाहीतर टेबलाखाली बोटं मोजत राहते, घरातले मोठे म्हणतात बोटांची सवय आत्ताच मोडा, आणि तुम्हाला विचारायचंय की ठोकळे कधी बंद करायचे आणि अजून कुठलं साहित्य घ्यायचं. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांसोबत आणि त्यांच्या आईबाबांसोबत हेच काम करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची अडचण ठोकळे ठेवण्या-काढण्यापेक्षा वेगळ्या जागी आहे.

ताई, आधी एक करा. तिला ८ + ५ ठोकळ्यांनी करायला सांगा आणि उत्तराकडे लक्षच देऊ नका, फक्त तिच्या हातांकडे बघा. बहुतेक असं दिसेल की ती एकेक करून आठ ठोकळे मोजते, मग एकेक करून पाच मोजते, दोन्ही ढीग एकत्र ढकलते आणि परत एकपासून सुरू करून तेरापर्यंत येते. एका बेरजेसाठी तीनदा मोजणी झाली. उत्तर बरोबर आलं पण आठ आणि पाच यांचं एकमेकांशी काय नातं आहे हे तिला कुठेच बघावं लागलं नाही. आता वहीत मोजायला काहीच नसतं, मग ती करणार काय? थांबते, नाहीतर बोटं काढते. ठोकळ्यांवर जे करत होती तेच बोटांवर करते, बदललं काहीच नाही.

माझं सगळं म्हणणं एवढ्याच भोवती आहे. हातात घ्यायचं साहित्य हे उत्तर काढून देण्यासाठी नसतं, मुलाला एकेक मोजण्यातून बाहेर काढण्यासाठी असतं. ते साहित्य वापरून मूल जर महिनोन्महिने एकेकच मोजत असेल तर कितीही चांगला सेट असू दे, त्याचा उपयोग होत नाहीये. आणि साध्या बाटल्यांच्या झाकणांनी जर त्याला सात म्हणजे पाच आणि दोन असं दिसायला लागलं तर त्याहून चांगलं साहित्य नाही.

मुलं साधारण तीन पायऱ्यांनी पुढे जातात. पहिली सगळं एकपासून मोजायची. दुसरी म्हणजे आठ मनात धरून पुढे नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. आणि तिसरी म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीवरून नवीन काढायची, आठला दहा व्हायला दोन हवेत, पाचातले दोन दिले, राहिले तीन, तेरा. तुमची लेक पहिल्या पायरीवर आहे आणि वहीतलं गणित तिच्याकडून तिसरी पायरी मागतंय, मधलं अंतर आपण भरायचंय. दुसऱ्या पायरीवर आणायला सोपा उपाय आहे. आठ ठोकळे तिच्याकडून मोजून घ्या, त्यावर रुमाल टाका, रुमालावर ८ लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि पाच ठोकळे शेजारी उघडे ठेवा. मग विचारा, सगळे मिळून किती? काही मुलं रुमाल उचलायला जातात. उचलू द्या, बघू द्या, परत झाका. काही रुमालावरून बोट टेकवत आत न दिसणारे आठ मोजतात, तेही चालेल. थोड्या दिवसांत ती रुमालावर हात ठेवून "आठ" म्हणेल आणि पुढे मोजेल. त्या क्षणी आठ ही तिच्यासाठी एक अख्खी गोष्ट झालेली असते आणि हे फार महत्त्वाचं आहे, इथे घाई करू नका.

आता तिसरी पायरी, जिथे खरा वेळ घालवायला पाहिजे. माणसाला तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत कळतात, लहान मुलांनाही. त्यापुढे गेलं की मांडणी लागते. फाशावरचे पाच ठिपके आपण मोजत नाही, आकारावरून ओळखतो. म्हणून मी सगळ्यांना दहाची चौकट करायला सांगते. पुठ्ठ्यावर दोन ओळी, प्रत्येकी पाच चौकोन, बस. त्यात झाकणं किंवा बटणं ठेवायची, आधी वरची ओळ डावीकडून भरायची, मग खालची. एका चौकटीत सात ठेवा, दोन सेकंद दाखवा आणि झाका. किती होते? आणि लगेच दुसरा प्रश्न, तुला कसं कळलं? हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. एक मूल म्हणतं वरची ओळ भरलेली होती आणि खाली दोन. दुसरं म्हणतं तीन रिकामे होते, म्हणजे दहातून तीन कमी. तिसरं म्हणतं डावीकडे वर-खाली अशा दोन जोड्या होत्या आणि वर तीन एकटे. ही तिन्ही सातचीच वर्णनं आहेत आणि तिन्हींत कुणी एकेक मोजलेलं नाही. बेरीज-वजाबाकीचा सगळा पाया इथेच पडतो आणि यात अजून एकही अधिकचं चिन्ह आलेलं नाही हे लक्षात घ्या.

दोन सेकंद का, तर जास्त वेळ दिला की मूल मोजायला लागतं. आणि चुकलं तर "नीट बघ" असं म्हणू नका, परत एकदा दाखवा इतकंच. रोज चार-पाच वेळा पुरे.

बोटांबद्दल. घरातल्या मोठ्यांना माझ्याकडून नम्रपणे सांगा की बोटं बंद करू नका. बंद केली की मुलं बोटं सोडत नाहीत, लपवतात, आणि लपवलेल्या बोटांवर आपल्याला काम करता येत नाही. दोन हात म्हणजे पाच आणि पाच अशी तयार मांडणी आहे, दहाची चौकटच आहे ती, फक्त वापरायची पद्धत बदलायची. "सात बोटं दाखव" म्हटलं की एकेक बोट उघडत सात नाही, एका झटक्यात एक अख्खा हात आणि दोन बोटं. मग "किती बोटं मिटलेली आहेत?" तीन. म्हणजे सात आणि तीन दहा. असं सगळ्या संख्यांचं करा, खेळासारखं, जाता-येता. दहाच्या जोड्या, म्हणजे ९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५, एकदा हातात बसल्या की बोटं आपोआप मागे पडतात. ज्या मुलाला सातचा जोडीदार तीन हे लगेच आठवतं त्याला बोटं काढायचा कंटाळाच येतो.

आता ८ + ५ परत घ्या, पण दोन चौकटी शेजारी ठेवून. एका चौकटीत आठ लाल झाकणं, दुसरीत पाच निळी. तिला म्हणा, एकही झाकण न मोजता सांगता येईल का बघू. सुरुवातीला ती नुसती बघत बसेल. तुम्ही बोलू नका, हे आपल्याला फार अवघड जातं पण खरंच बोलू नका, मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक मुलांची नजर पहिल्या चौकटीतल्या दोन रिकाम्या घरांवर जाते आणि हात आपोआप दोन निळी झाकणं उचलतो. ती दोन तिथे ठेवली की एक चौकट गच्च आणि दुसरीत तीन. आता "किती?" विचारायची गरजच राहत नाही. रंग वेगळे ठेवायचं कारण हे की हलवल्यावरही दिसत राहतं, ही दोन पाचातली आहेत. मग वहीत त्याच वेळी लिहायचं, ८ + ५, खाली ५ ला दोन फाटे फोडून २ आणि ३, मग ८ + २ = १०, १० + ३ = १३. हाताने जे झालं तेच कागदावर आलं, एक हालचाल तर एक ओळ. वहीतलं गणित आणि ठोकळ्यांचं गणित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मुलांना वाटायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपण आधी पंधरा दिवस ठोकळे खेळवतो आणि मग एक दिवस ते कपाटात टाकून वही उघडतो. दोन्ही पहिल्यापासून शेजारी हवेत.

जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलं होतं की माणूस गोष्ट तीन तऱ्हेने मनात धरतो, कृतीतून, चित्रातून आणि चिन्हातून. पुढे गणित शिकवणाऱ्यांनी ते वस्तू, चित्र, अंक असं घेतलं आणि ते चांगलंच आहे, फक्त घरी शिकवताना लोक यातलं चित्र गाळतात. ठोकळे झाले की थेट अंक. मधे चित्र आलंच पाहिजे, आणि चित्र म्हणजे सुंदर रंगवलेले पक्षी नाहीत. उभी रेघ म्हणजे दहा, ठिपका म्हणजे एक. ३४ म्हणजे तीन रेघा चार ठिपके. हे मूल वहीत कुठेही, कधीही, कुणाच्या मदतीशिवाय काढू शकतं, म्हणून ठोकळे आणि वही यांच्यातला पूल तोच आहे. आणि या तीन पायऱ्या एकदा चढून विसरायच्या नसतात, अडलं की खुशाल चित्रावर या, अजून अडलं की वस्तूंवर या.

यावरून दशक-एककाकडे येते, कारण सातव्या वर्षी सगळ्यात जास्त गोंधळ तिथे असतो आणि तो दिसतही नाही. कॉन्स्टन्स कामी या बालशिक्षणतज्ज्ञांच्या लिखाणामुळे गाजलेली एक साधी चाचणी आहे, ती आजच घरी करून बघा. सोळा झाकणं मोजायला सांगा, कागदावर १६ लिहायला सांगा. मग ६ भोवती गोल करून विचारा, हा भाग झाकणांमध्ये दाखव. ती सहा झाकणं दाखवेल. आता १ भोवती गोल करा आणि विचारा, हा भाग दाखव. कितीतरी मुलं एकच झाकण उचलून दाखवतात, आणि मग उरलेली नऊ झाकणं तशीच पडलेली असतात पण त्यांना त्यात काही खटकत नाही. ही मुलं "१ दशक ६ एकक" असं वहीत अगदी न चुकता लिहित असतात बरं का. म्हणजे रकाने भरता येणं आणि दशक कळणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

याला माझ्या अनुभवात काड्या आणि रबर यांच्यासारखं साहित्य नाही. शंभर-सव्वाशे काड्या घ्या. ढीग ओता, अंदाज विचारा किती असतील, मग मोजायला सांगा. ती मोजता मोजता चुकेल, परत सुरू करेल, वैतागेल. तेव्हा विचारा की मधेच कुणी हाक मारली तरी मोजलेलं वाया जाऊ नये म्हणून काय करता येईल? दहाचे गठ्ठे करायची कल्पना काही मुलं स्वतः काढतात, नाही काढली तर सुचवा. पण गठ्ठा तिनेच बांधायचा, हे सोडू नका. स्वतः दहा मोजून स्वतः रबर लावलेल्या गठ्ठ्यात दहा आहेत यावर तिचा विश्वास असतो आणि गरज पडली तर तो सोडता येतो हेही तिला माहीत असतं. बाजारात मिळणारा अखंड दशकाचा दांडा सुटत नाही, तो दहा सुट्यांच्या बदल्यात घ्यावा लागतो, ही अदलाबदल पुढची पायरी आहे. तोही चांगला, कारण निदान दहापट लांब दिसतो. पण रंगीत चकत्या, लाल म्हणजे दहा आणि पिवळी म्हणजे एक, या सगळ्यात शेवटी, कारण तिथे दहा आणि एक सारख्याच आकाराचे असतात आणि सगळं लक्षात ठेवण्यावर येतं. नाणी-नोटांचंही तसंच. व्यवहार शिकायला छान, दशक समजवायला पहिल्यांदा वापरू नका.

मराठीत शिकणाऱ्या मुलांना अजून एक जास्तीचं ओझं आहे. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना चार आधी येतात, म्हणून ३४ लिहिलं जातं. एकोणचाळीस तर ऐकायला चाळीसच्या घरातला वाटतो आणि असतो तिशीतला. मूल उलटं लिहितं ते निष्काळजीपणाने लिहित नाही, ऐकलं तसंच लिहितं. उपाय म्हणजे काही महिने दोन्ही नावं बरोबर घ्यायची, गठ्ठे हातात घेऊन "चार दशक तीन, त्रेचाळीस". एकोणचाळीसला चार गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढायला लावा, गठ्ठा सोडावा लागतो, तीन गठ्ठे नऊ सुट्या राहतात, आणि ते नाव असं का आहे तेही तिला कळतं. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ सगळे असेच करा, मुलांना यात मजा येते.

आता वजाबाकी, कारण काड्यांचं खरं सोनं तिथे होतं. ५२ - २७ घ्या. वहीत नुसतं दिलं तर खूप मुलं ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत मग सातातून दोन काढले, झाले पाच, आणि पाचातून दोन गेले तीन. त्याला ओरडून काही होत नाही, त्याच्या दृष्टीने त्याने दोन छान वजाबाक्या केल्यात. आता पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, मला सत्तावीस दे. बघा काय करतो. बहुतेक मुलं आधी दोन गठ्ठे देतात. देऊ द्या, वहीतली रीत एककापासून सुरू होते म्हणून हातांनाही तसंच वळवायची गरज नाही. मग सात द्यायच्या आहेत आणि जवळ दोनच सुट्या. इथे थांबा. तो तुमच्याकडे बघेल. तुम्ही फक्त विचारा, तुझ्याकडे काड्या कमी आहेत का? नाही, भरपूर आहेत, पण बांधलेल्या आहेत. आणि मग रबर निघतं. बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या, दोन गठ्ठे पाच सुट्या, पंचवीस. आता वहीत येताना ५ वर काट मारून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायचं, ते का, हे त्याला समजावून सांगावंच लागत नाही, त्याने आत्ताच रबर काढलंय. "हातचा घेतला" असं नुसतं तोंडी शिकलेल्या मुलाला तो कुठून आला ते माहीत नसतं म्हणूनच तो परत लिहायचा विसरतो.

पण वजाबाकी म्हणजे फक्त काढून घेणं नाही, हे पालक हमखास विसरतात. दोन संख्यांतला फरकही वजाबाकीच आणि "अजून किती हवेत" हीसुद्धा वजाबाकीच. यासाठी लांबीचं साहित्य जास्त कामाचं. बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांनी केलेल्या रंगीत पट्ट्या प्रसिद्ध आहेत, एक सेंटिमीटरची पांढरी, दोनची लाल, पाचची पिवळी, असं करत दहाची नारिंगी, एकूण दहा लांब्या, प्रत्येकीला ठरलेला रंग. १९५०च्या दशकात गणितशिक्षणतज्ज्ञ केलेब गॅटेग्नो यांनी त्या देशोदेशी पोचवल्या. त्यांची खरी ताकद ही की त्यावर खुणा नसतात, म्हणजे एकेक मोजताच येत नाही. सातची काळी पट्टी ठेवली आणि वर चारची ठेवली की उरलेली जागा दिसते, तिथे कुठली बसेल ते शोधायचं. विकत नाही घेतल्या तरी चालतं, एक सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून पट्ट्या कापा, मागची कोरी बाजू रंगवा आणि तीच वर ठेवा. पहिले काही दिवस नुसतं खेळू द्या, जिने, घरं, काहीही. नुसतं खेळतानाच बऱ्याच मुलांना आपसूक कळतं की दोन पिवळ्या म्हणजे एक नारिंगी. खेळायला न देता थेट गणित सुरू केलं की गणिताच्या वेळात घरंच बांधली जातात, मग आपण चिडतो, ती चिडते.

याच पट्ट्यांनी बरोबरच्या चिन्हाची गडबडही निस्तरता येते. ४ + ५ = □ + ६ असं दिलं तर खूप मुलं चौकोनात ९ लिहितात, कारण त्यांच्यासाठी = म्हणजे "आता उत्तर लिही". वर चार आणि पाचच्या पट्ट्या एकापुढे एक जोडून केलेली गाडी, खाली सहाची पट्टी, आणि दोन्ही गाड्या सारख्या लांबीच्या करायच्या. तीनच बसते. साधा तराजू असेल तर तोही उत्तम. अधूनमधून ९ = ४ + ५ असं उलटं पण लिहा, चिन्हाच्या उजव्या बाजूला नेहमी एकटं उत्तरच असतं ही समजूत तिथेच मोडते.

आणि शाब्दिक उदाहरणांत "जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी" अशी किल्ली मुलांना कृपा करून देऊ नका. दादाकडे ९ मणी आहेत, ते ताईपेक्षा ३ ने जास्त आहेत, तर ताईकडे किती? किल्लीवालं मूल १२ म्हणतं. पट्ट्या वर-खाली मांडणारं मूल सहा म्हणतं, कारण लांब पट्टी कुणाची हे त्याला आधी ठरवावं लागतं. शब्द शोधायचा नसतो, गोष्ट मांडायची असते.

गुणाकाराचं थोडक्यात सांगते कारण तुमचा प्रश्न तो नाही. पाढे पाठ करण्याआधी झाकणं ओळींत मांडायची, तीन ओळी, प्रत्येकीत चार, आणि ताट फिरवायचं, आता चार ओळी तीनच्या. एकही झाकण हललं नाही, म्हणजे ३ × ४ आणि ४ × ३ सारखेच, पाठांतर तिथेच निम्म्यावर आलं. भागाकाराला दोन्ही गोष्टी करून घ्या, १२ झाकणं तिघांत वाटणं आणि १२ झाकणांचे तीन-तीनचे ढीग करणं. उत्तर दोन्हीकडे चारच, पण हात वेगळं काम करतात आणि पुढे दोन्ही लागतात.

तर घ्यायचं काय? खरं सांगायचं तर तुमच्याकडे आहे तेवढ्यात होईल. दोन रंगांची वीस-वीस झाकणं, दहाच्या दोन चौकटी, काड्या आणि रबर, कापलेल्या पट्ट्या, दोन फासे आणि शंभर मण्यांची गणितमाळ, जिच्यात दर दहा मण्यांनी रंग बदलतो. माळेवर ३८ शोध म्हटलं की मूल दहाच्या तीन उड्या मारतं आणि मग आठ मणी पुढे जातं, किंवा दहाच्या चार उड्या मारून दोन मागे येतं, दुसरं करायला लागलं की समजा बरंच काही झालं. खेळण्यासारखे दिसणारे छोटे प्राणी, फळं, गाड्या असलेले मोजणीचे सेट मी टाळते. ज्युडी डीलोश आणि डेव्हिड उट्टाल यांच्या संशोधनात हेच पुढे आलं की वस्तू जितकी खेळणं म्हणून आकर्षक तितकं मुलाला ती दुसऱ्या कशाची तरी खूण म्हणून बघणं अवघड जातं. हत्ती दिसला की हत्तीच दिसतो, एक दिसत नाही. साधं, एका आकाराचं, कंटाळवाणं वाटणारं साहित्य इथे चांगलं. आणि एका वेळी एकच प्रकार बाहेर काढा. घरात अगदी लहान भावंड असेल तर मणी-बटणं वापरून झाली की लगेच उचला, ती तोंडात जातात.

सापशिडी खेळत असाल तर एक बदल करा. २३ वर सोंगटी असताना चार पडले तर मुलं "एक, दोन, तीन, चार" म्हणत पुढे जातात. त्याऐवजी "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" म्हणायला लावा, म्हणजे घरावरचा आकडा. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी आकड्यांच्या सरळ रांगेच्या पटावर लहान मुलांना खेळवून बघितलं होतं, त्यात संख्यांची समज वाढलेली दिसली, आणि असं घरावरच्या आकड्यापासून पुढे मोजण्याचा त्यात वाटा आहे हे नंतरच्या कामातून दिसलं. एकदम फुकटातला सराव आहे हा.

ठोकळे कधी बंद करायचे याचं उत्तर आता वेगळं होईल. बंद करायचे नाहीत, झाकायचे. आधी उघडे, मग रुमालाखाली, मग डबा बंद पण टेबलावर, "डब्यात आठ आहेत, मी पाच टाकले, आत काय झालं सांग". ती डोळे मिटून किंवा छताकडे बघत सांगायला लागली की मांडणी डोक्यात गेली. हात लावण्याआधी उत्तर येणं, मांडता मांडता मधेच सोडून देणं, "मला माहितीये ना" म्हणणं, ही सगळी तिची तयारी झाल्याची चिन्हं. मग ठोकळे फक्त पडताळा घ्यायला. आणि नवीन काही आलं, तीन अंकी संख्या आल्या, की परत उघडायचे, त्यात मागे गेलो असं काही नसतं, तसं तिच्यासमोर बोलूही नका.

वेळ पंधरा-वीस मिनिटं पुरे, रोज. त्यातलं लिखाण पाच मिनिटांचं. आणि बरोबर उत्तरालाही "कसं केलंस?" विचारत जा. आपण फक्त चुकल्यावर "कसं?" विचारतो, म्हणून मुलं तो प्रश्न ऐकला की लगेच उत्तर खोडतात. तिने सांगितलेली पद्धत तुमच्यापेक्षा लांबची असली तरी ती पूर्ण ऐका, मगच तुमची सांगा, आणि दोन्हीतली सोपी कुठली ते तिलाच ठरवू द्या.

दोन-तीन महिने असं रोज, शांतपणे केल्यावरही जर चारपर्यंतच्या वस्तू नजरेत येत नसतील, ७ आणि ९ मध्ये मोठं कुठलं हे दरवेळी मोजूनच कळत असेल, काल पक्क्या झालेल्या दहाच्या जोड्या आज पूर्ण पुसल्यासारख्या वाटत असतील, तर घरी अजून जोर लावू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या जाणकार व्यक्तीला दाखवा आणि जाताना नुसते मार्क नका नेऊ, तिने ८ + ५ हातांनी कसं केलं याचा छोटा व्हिडिओ आणि तिने काढलेल्या रेघा-ठिपक्यांची पानं न्या, त्यांना त्यावरून खूप कळतं.